रविवारी न फुटलेली अंडी

मारुंजीत आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे रंभाबाई राहतात. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, ती पूर्वी त्यांचीच होती. तिथे भात व्हायचा. त्यांचे पती कोंडाजी यांनी आपल्या हयातीतच ती विकली, दोन मजली घर बांधलं आणि घरामागे चार खोल्या काढल्या. त्या खोल्यांत आज हिंजवडीच्या कंपन्यांमधली मुलं भाड्याने राहतात. कोंडाजींना जाऊन नऊ वर्षं झाली. खोल्यांचा कारभार मुलगा रोहित बघतो. रंभाबाईंच्या वाट्याला राहिलं ते अंगणाच्या टोकाचं एक खुराडं आणि त्यातल्या पंचवीस-तीस गावरान कोंबड्या.

या कोंबड्यांची जात त्यांच्या माहेरची. माहेर मुळशी धरणाच्या पलीकडच्या अंगाला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत येताना आईने एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, त्यांच्या काखेत दिली होती. एस.टी.चा कंडक्टर कोंबडी गाडीत घेईना, म्हणून त्या पौडापासून पुढचा निम्मा रस्ता चालत आल्या. हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. आपल्या खुराड्यातली प्रत्येक कोंबडी त्या एका तलंगेपासूनची आहे, बाहेरचं रक्त फक्त कोंबड्याचं, एवढंच त्यांना सांगायचं असे.

सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने माझी त्यांची ओळख झाली ती तक्रारीवरून. त्याआधी तीन वर्षं मी त्यांच्याकडून दर रविवारी अंडी आणत होतो, पण त्याला ओळख म्हणता येणार नाही. पिशवी पुढे करायची आणि घेऊन यायचं. पुढे जाणं-येणं वाढलं तेव्हा या बाईंना काय येतं ते कळलं. अंडं मुठीत धरून त्या उन्हाकडे बघत आणि आत जीव धरला आहे की नाही ते सांगत. कानाला लावून ऐकत. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून जागा धरून बसली, की गावात बहुतेक जणी तिच्या नाकात तिचंच पीस घालतात. त्या त्रासाने तिची खूड मोडते आणि आठ-दहा दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते. रंभाबाईंनी हे कधीच केलं नव्हतं.

"तिला बसायचं आसतं, तर बसू द्यावं," त्या म्हणत. "आपल्याला दोन अंडी कमी. तेवढ्यानं काय मरत न्हाई."

घरची अंडी नसतील तर शेजारून मागून आणून त्या कोंबडी बसवत. शेजारणीही आपली कोंबडी बसवायची असली की त्यांना हाक मारत. दिवेलागणीच्या वेळी पाटीत भाताचा पेंढा घालायचा, अंडी नेहमी विषम ठेवायची, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून कडेला कोळसा आणि एक लाल मिरची ठेवायची, आणि मग वरून डालगं झाकायचं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. त्यानंतर कोंबडी दाणापाण्याला उठेल तेवढंच. पिल्लं निघेपर्यंत परक्या माणसाला त्या तिकडे फिरकू देत नसत.

तक्रार होती कोंबड्याची. बी इमारतीत रात्रपाळी करणारी बरीच मुलं राहतात. ती पहाटे झोपायला येतात आणि त्याच वेळी कोंबडा सुरू होतो. वासाचीही तक्रार होती. दीड वर्षात तक्रारवहीत अकरा नोंदी झाल्या. मी रोहितला भेटायला गेलो. रंभाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"कोंबडा आरडतो म्हनून झोप लागत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "आन तुमचं ते जनरेटर आरडतंय, त्येला कुनी दाणं टाकायचं बंद करत न्हाई ते?"

रोहित हसला नाही. तो म्हणाला, "साहेब, मला हितं अजून चार खोल्या काढायच्यात. खुराड्याच्या जागेत बरोबर बसत्यात. आईपायी थांबलोय. तुमी सोसायटीचं एक पत्र द्या, कोंबड्यांना आमची काय हरकत न्हाई म्हणून. मग मी तिच्या कोंबड्यांचं नाव काढणार न्हाई. पत्र न्हाई आलं, तर मे संपला की खुराडं काढतोय."

"ऐकलं का, भाऊ?" रंभाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "जमीन इकताना कुनी इचारलं न्हाई. आता खुराड्याला पत्र लागतंय."

मी प्रयत्न करतो म्हणून सांगितलं.

आमच्या सोसायटीत दर वर्षी मे महिन्यात उन्हाळी मेळा भरतो. खाण्याचे स्टॉल, मुलांचे खेळ, संध्याकाळी गाणी. या वर्षी अध्यक्ष शैलेश यांना काहीतरी वेगळं हवं होतं. ते लातूरकडचे, मोठ्या कंपनीत वरच्या पदावर आहेत, आणि लहानपणी आजोळी पाहिलेल्या गोष्टी आपल्या मुलांना दिसत नाहीत याची त्यांना मनापासून खंत आहे. ते म्हणाले, "काका, आपल्या पोरांना वाटतं अंडं फ्रिजमध्येच तयार होतं. समोर अंडं फुटून पिल्लू बाहेर येताना दाखवलं तर? लाइव्ह. मोठ्या स्क्रीनवर." काचेची उबवण पेटी मिळवण्याचं त्यांनी अंगावर घेतलं. मी रंभाबाईंचं नाव सुचवलं आणि पत्राचाही विषय काढला.

"लोकांना आवडलं तर पत्र मी स्वतः मीटिंगमध्ये मांडतो," शैलेश म्हणाले. "पोरांना त्या आजी आवडल्या की कोण नाही म्हणणार?"

रंभाबाईंना हे पटलं नव्हतं.

"उबवणीची अंडी चारचौघांना दावत न्हाईत, भाऊ. नजर लागती. आन कोंबडीखालची अंडी काचंत कशाला घालायची?"

मी समजावलं. वीस दिवस अंडी कोंबडीखालीच राहतील. फक्त शेवटच्या दिवशी सकाळी पेटीत ठेवायची, पेटीत ऊब आणि ओल बरोबर ठेवलेली असते, संध्याकाळी पिल्लं बाहेर येतील, सगळे बघतील, झालं. आणि मग पत्र.

त्यांनी खुराड्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "कोंबडी बी संगं आननार मी. तिला सोडून अंडी जानार न्हाईत."

मी होकार दिला.

मेळा अठरा मे, रविवारी होता. अंडी उबायला एकवीस दिवस लागतात. मी अठरापासून मागे एकवीस दिवस मोजले तर सत्तावीस एप्रिल आला, तोही रविवारच. हिशेब इतका सरळ आला की मला बरं वाटलं. घरच्या कॅलेंडरवर सत्तावीस तारखेला लाल पेनाने गोल केला आणि रोहितच्या हातून चिठ्ठी पाठवली. तीस तारखेला, बुधवारी, स्वतः जाऊन विचारलं, "मावशी, कोंबडी बसवली का?"

"बसवली की. तेरा अंडी घातल्यात."

मी माझ्या यादीत खूण केली.

मेळ्याच्या सकाळी त्या मागच्या फाटकातून आल्या. स्वच्छ नऊवारी, एका काखेत कोंबडी, दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेली पाटी. मागून रोहित डालगं घेऊन. स्टेजच्या बाजूला टेबलावर काचेची पेटी होती. आत दोन दिवे, एक पाण्याची वाटी, एक तापमापक. पेटीच्या वर मोबाइल बांधला होता आणि त्यातलं चित्र मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. रंभाबाईंनी एकेक अंडं कानाला लावून आत ठेवलं. पडद्यावर त्यांचा हात पुरुषभर उंचीचा दिसला. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. कोंबडी टेबलाखाली डालग्यात झाकली. ती सारखी कुरकुरत होती.

दुपारी मुलं येऊन जात होती. आमच्या मजल्यावरची आरोही, आठ वर्षांची, खुर्ची ओढून पेटीसमोरच बसली. तिने रंभाबाईंना शंभर प्रश्न विचारले. पिल्लू आत काय खातं, त्याला अंधाराची भीती वाटते का, कोंबडीला कसं कळतं.

"ते आतनं बोलतं, ही भाईरनं बोलती," रंभाबाई म्हणाल्या. "ऐक. न्हाई, आसं न्हाई, कान लाव."

आरोहीने काचेला कान लावला. स्पीकरवर गाणं लागलेलं होतं. रंभाबाईंनी मला खूण करून बोलावलं. "भाऊ, गानी जरा बारीक करा की. कोंबडीला ऐकू येईना झालंय." मी आवाज कमी करायला सांगितलं. पाच मिनिटांनी तो पुन्हा वाढला.

कार्यक्रमपत्रिकेत 'पिल्लांचा जन्म' साडेपाच ते साडेसहा असा होता. पाच वाजता चार अंड्यांवर टोच दिसली, म्हणजे पिल्लाने आतून चोच मारून पाडलेली बारीक चांदणीसारखी चीर. लोक जमू लागले. साडेपाच झाले, सहा झाले. चार चिरा होत्या तेवढ्याच होत्या. निवेदन करणारी मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, "बस काहीच मिनिटं, फ्रेंड्स, लहान मुलांना पुढे येऊ द्या." मैदानात चारशेच्या आसपास माणसं असतील. मी रंभाबाईंच्या जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "मावशी, अजून किती वेळ?"

"उद्या," त्या म्हणाल्या.

"उद्या कसं? आज एकवीस पुरे होतात."

"तुमचं आज व्हत्यात. माजं उद्या. त्या रविवारी अवस न्हवती का? अवसंला कुनी कोंबडी बसवतं व्हय? सोमवारी दिवं लागताना बसवली." माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "मला वाटलं, तुमाला ठावं आसंल. कॅलिंडरात आसती की अवस."

होती. सत्तावीसच्या चौकोनात अमावास्येचा काळा टिपका होता. माझा लाल गोल त्याच्यावरूनच काढलेला होता.

मी स्टेजमागे जाऊन शैलेशना सांगितलं. त्यांनी गर्दीकडे बघितलं. "काका, आता लोकांना काय सांगू? चिरा पडल्यात ना? पिल्लू तर तयार आहे. थोडी मदत करून एक तरी बाहेर काढता येईल की. एकच."

मी परत टेबलापाशी आलो. मी विचारायच्या आधीच रंभाबाईंनी नकाराची मान हलवली होती. "त्याचं त्यालाच निघू द्यावं लागतं, भाऊ. आत त्याचं रगत आजून कवचाला चिकटल्यालं आसतं. आज रातभर ते वडून घेतं, मग निघतं."

हे मला स्पष्ट कळलं होतं. तरी मी म्हणालो, "एक तरी निघालं तर बरं होईल, मावशी. पत्राचं तुम्हाला माहीतच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. टेबलाखाली कोंबडी कुरकुरतच होती. मग त्यांनी पेटीचं झाकण उचललं, आतल्या वाटीतल्या कोमट पाण्यात बोटं बुडवली आणि पदराला पुसली. मोठ्यात मोठी चीर असलेलं अंडं निवडलं. लोक पुढे सरकले. पडद्यावर त्यांचं नख दिसलं, ते टवका उचलत होतं. एक टवका, दुसरा टवका. खालचा पांढरा पापुद्रा दिसला, कांद्याच्या पातीसारखा ओला. त्यात चोच हलली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या टवक्याबरोबर पापुद्र्यावर एक लाल रेघ आली.

रंभाबाईंनी तेवढ्यातच हात थांबवला आणि अंड्यावर तळहात ठेवला. पडद्यावर फक्त त्यांचा हात दिसत होता, सुरकुत्या, मोकळं मनगट, आणि दोन बोटांच्या मधून खाली येणारं रक्त. ते थेंबभरच असेल. पडद्यावर फार दिसत होतं.

मागे कोणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, बंद करा ते." मोबाइल काढायला कोणाला सुचेना.

आरोही खुर्चीवर उभी होती. "आजी, त्याला लागलं का?"

"व्हय, बाळा," रंभाबाई म्हणाल्या. "माज्या हातनं लागलं."

निवेदन करणाऱ्या मुलीने गाणं लावायला सांगितलं. पडदा बंद झाला. पिल्लू अजून पंधरा-वीस मिनिटं चोच उघडझाप करत होतं, मग थांबलं. रंभाबाईंनी ते फडक्यात गुंडाळलं. बाकीची बारा अंडी पदरात घेऊन पोटाशी धरली, दुसऱ्या हाताने कोंबडी काखेत मारली आणि मागच्या फाटकाने निघून गेल्या. डालगं टेबलाखालीच राहिलं.

त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एकशे चाळीस संदेश आले. मुलगी जेवली नाही. मुलाला झोप येत नाही. हे क्रूर आहे. हे कोणाच्या परवानगीने झालं? यांच्या खुराड्याबद्दल आधीच तक्रारी होत्या ना? शैलेशनी दिलगिरी व्यक्त केली.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी रंभाबाईंच्या घरी गेलो. दिवेलागण झाली होती. त्या खुराड्याजवळ पाटीसमोर बसल्या होत्या. या वेळी त्यांनी मला अडवलं नाही. कोंबडीच्या पंखाखालून पिवळी, काळपट, तपकिरी डोकी बाहेर येत होती. बारापैकी अकरा अंडी फुटली होती. एक आतच गेलं होतं.

"बरोबर येळंला निघाली," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडं कॅलिंडर न्हाई."

मी चुकलो, असं मी म्हणालो. त्यांनी पाटीतला कोळसा आणि मिरची काढून बाजूला ठेवली.

मंगळवारी समितीची बैठक झाली. अकरा पिल्लं जिवंत निघाली, हे मी तिथे सांगितलं. शैलेश म्हणाले, "ते कोणी पाहिलं नाही ना, काका. लोकांनी जे पाहिलं, ते पाहिलं." हरकत नसल्याच्या पत्राचा विषय कोणी काढला नाही. शेजारचं कुक्कुटपालन मुलांच्या आरोग्याच्या आणि मानसिकतेच्या दृष्टीने बंद करावं, अशी विनंती करणारं पत्र द्यायचं ठरलं. पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे मसुदा मीच केला. ते अंडं रंभाबाईंनी माझ्या सांगण्यावरून सोललं, हे मी बैठकीत बोललो नाही. कार्यवृत्तातही ते नाही.

रोहितने पत्र उभ्याउभ्याच वाचलं. "बघ आई," तो आत बघून म्हणाला, "आता माज्या हातात काय राहिलं न्हाई." पत्रात काय लिहिलंय, हे रंभाबाईंनी वाचूनही घेतलं नाही, असं त्यांची सून सायली मला नंतर म्हणाली.

मेच्या शेवटच्या शनिवारी मी डालगं परत द्यायला गेलो. ते सोसायटीच्या सामानखोलीत मेळ्याच्या इतर वस्तूंबरोबर पडून होतं. अंगणात विटा येऊन पडल्या होत्या. खुराड्याचे पत्रे काढून भिंतीला टेकवले होते. दारात एक छोटा टेम्पो उभा होता आणि रंभाबाईंचे धाकटे भाऊ गेणबा कोंबड्या धरून धरून त्यात भरत होते. कोंबडा पाय बांधून पुढच्या सीटखाली ठेवला होता. पिल्लंवाली कोंबडी खोक्यात होती. पिल्लांना पंख फुटायला लागले होते.

"बरं झालं आनलं," डालगं बघून गेणबा म्हणाले. "राहिल्याल्या ह्यात घालू." मग म्हणाले, "आक्का, समद्या न्हेतो, पन लई दिवस संबाळायच्या म्हनलं तर जागा न्हाई माज्याकडं. ईकत जाईन येकेक."

रंभाबाईंनी मान डोलावली.

शेवटी एक कोंबडी राहिली, काळी, मानेवर तांबूस पिसं असलेली. खुराड्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत, विटांच्या ढिगाला लागून ती मातीवर बसली होती. खाली काहीच नव्हतं. गेणबा जवळ गेले तशी तिने पिसं फुलवली आणि हातावर चोच मारली.

"खुडूक हाय," ते म्हणाले. "आक्का, हिला बसवायला माज्याकडं अंडी बी न्हाईत, आन ही अशी खुडूक कोन इकत घेनार? हिची खूड मोडून दे, मग न्हेतो."

"आठ दिवस राहू दे की हितं," रंभाबाई म्हणाल्या.

"उद्या खड्डं घ्यायचंत, आई," रोहित टेम्पोपाशी उभा राहून म्हणाला.

त्या कोंबडीपाशी जाऊन बसल्या. त्यांच्या हातावर तिने चोच मारली नाही. त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, पंखाखाली हात घालून थोडा वेळ तशाच बसल्या. मग तिच्या पंखातलं एक लांब पीस ओढून काढलं आणि त्याचं टोक बोटाने साफ केलं. हे करताना त्यांना थोडं अडखळल्यासारखं झालं, कारण हात त्या कामाला सरावलेला नव्हता.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "जरा हिचं डोकं धरा."

मी धरलं.